आईच्या नावाचा रकाना

चैत्र सरत आला तेव्हा तुळजाबाई खांदव्यांच्या गोठ्यात तीन म्हशी उरल्या होत्या आणि विहिरीत पाणी उरलं नव्हतं. शेजारच्या सोसायटीनं दोन बोअर मारले आणि विहिरीनं तळ दाखवला. ती सोसायटी उभी होती खांदव्यांच्याच जमिनीवर. तिथल्या लोकांनी महापालिकेत अर्ज केला होता की गोठ्याचा वास येतो, तो हलवावा. अर्जावर सह्या करणारेच सकाळी सहाला किटल्या घेऊन गोठ्याच्या दारात उभे राहत, कारण पिशवीच्या दुधाला साय धरत नाही. तुळजाबाई त्यांना माप घाली, वर चार थेंब जास्त ओती आणि अर्जाबद्दल चकार शब्द काढत नसे.

विश्रांतवाडीच्या पुढं, आळंदी रस्ता सोडून आत गेलं की हे गाव. महापालिकेत गेलं त्याला नऊ वर्षं झाली होती. ग्रामपंचायतीची पाटी गेली, पाणी टँकरनं येऊ लागलं आणि गावाला लोक एरिया म्हणू लागले. खांदव्यांचे दोघे भाऊ, जयसिंग आणि भैरू, दोन वर्षांच्या अंतरानं वारले. मागं राहिल्या दोन जावा. थोरली तुळजाबाई पासष्टीची, उंच, हाडापेरानं मोठी, गुडघे गेलेली. धाकटी मैना तिच्याहून आठ वर्षांनी लहान, बुटकी, कामाला चिवट. अंगण एक, चुली दोन, म्हशी सामाईक. मैनेचा मच्छिंद्र कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता, कॉम्प्युटरवाल्या पोरांना कामावर नेऊन सोडायचा. लेक हेमा लग्न होऊन लोणीला. तुळजाबाईचा एकच, साईनाथ. तो अमेरिकेत.

साईनाथचा फोन रविवारी सकाळी यायचा. त्या रविवारी तो म्हणाला, "आई, मी इथला सिटिझन झालो. आता तुला कायमची आणता येईल. मागच्यासारखं कुणी परत पाठवणार नाही."

मागच्या वेळी तुळजाबाई मुंबईला जाऊन आली होती, पाहुणी म्हणून सहा महिन्यांच्या व्हिसासाठी. काचेपलीकडच्या गोऱ्या पोरीनं दोन प्रश्न विचारले, एक कागद सरकवला आणि पुढच्याला हाक मारली. एकटी विधवा, मुलगा तिकडं, ही परत कशाला येईल, असा त्या कागदाचा अर्थ होता. तुळजाबाईला अर्थ मच्छिंद्रनं एसटी स्टँडवर सांगितला. लेकाला डोळ्यांनी पाहून तिला चार वर्षं झाली होती, आणि आता सून अपेक्षा हिला पाचवा महिना लागला होता.

"बाळाला न्हाऊ-माखू घालायला तूच हवीस," साईनाथ म्हणाला. तुळजाबाईनं त्याच दिवशी खसखस आणि डिंक आणायला सांगितलं. अमेरिकेला डिंक नेऊ देतात की नाही हे तिनं विचारलं नाही.

कागदपत्रांसाठी साईनाथनं डेक्कनवरचा एक एजंट गाठून दिला होता. तेजस नावाचा, पंचविशीतला, गळ्यात दोन मोबाईल. त्यानं यादी वाचली आणि एका ओळीखाली रेघ मारली.

"साईनाथ सरांचं बर्थ सर्टिफिकेट. महापालिकेचं, आणि त्यावर आईचं नाव मस्ट आहे."

तुळजाबाईनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला शाळेचा दाखला काढला. "ह्यो हाय की. ह्याच्यावरच त्यो गेला तिकडं."

"त्यांच्या वेळी यावर भागलं. पण आजी, यावर आईचं नाव कुठंय?"

खरंच नव्हतं. जात होती, पोटजात होती, वर्तणूक चांगली असं होतं. बापाचं नाव जयसिंग होतं. मास्तरनं घरात बसून ठरवलेली एक जून ही जन्मतारीखही होती. आईला मात्र त्या काळच्या दाखल्यावर जागाच नव्हती.

"टेन्शन घेऊ नका," तेजस म्हणाला. "जुन्या नोंदी सापडतच नाहीत. क्षेत्रीय कार्यालयातून 'नोंद आढळत नाही' असा दाखला आणा, दोन नातेवाइकांची ॲफिडेव्हिट करू. अर्धी पब्लिक तशीच जाते."

तेवढंच करायचं होतं. तुळजाबाईला तेवढंच करता आलं नाही.

क्षेत्रीय कार्यालयात जन्म-मृत्यूच्या खिडकीत सत्यशीला नावाच्या बाई होत्या. चष्मा नाकावर, बोलणं मोजकं. त्यांनी एक जून अडुसष्टचं पान पाहिलं, वही मिटली.

"नाही. नोंद आढळत नाही असा दाखला देते. परवा न्या."

"आसं कसं न्हाई?" तुळजाबाई म्हणाली. "मंग माजा पोरगा जलमलाच न्हाई का?"

"जन्मला असेल हो आजी. आमच्याकडे नाही जन्मला."

रांगेतले लोक हसले. तुळजाबाईच्या कानशिलाला ऊन लागावं तसं झालं. तिनं खिडकीच्या लाकडाला दोन्ही हातांनी धरलं. "नोंद हाय. माज्या सासऱ्यानी तिसऱ्या दिशी चावडीवर जाऊन केलीया. नागपंचमी होऊन आठ दिस झालं व्हतं. एक जून मास्तरची हाय, आमची न्हाई. तुमी श्रावनात बगा."

"श्रावण आमच्या वहीत नसतो. ऑगस्ट असतो."

"मंग आगस्टात बगा."

"ग्रामपंचायतीची जुनी दप्तरं गोदामात पोत्यात आहेत. कोण उपसणार? दाखला घेऊन जा ना, काम होतंय तुमचं."

"न्हाई झाला आसा कागूद मला नको," तुळजाबाई म्हणाली.

पोराच्या नावापुढं सरकारनं नाही लिहायचं हे तिला सोसवेना. तीन दिवस ती तिथं जाऊन बसली. पहाटे चारला उठायची, शेण काढायची, धार काढायची, दूध घालायची, दोन भाकरी फडक्यात बांधून बस धरायची. कार्यालयात बाकडी होती, पण तिच्या लुगड्याला गोठ्याचा वास होता आणि बाकड्यावर शेजारी बसलेल्या मुलीनं नाकाला रुमाल लावला. तेव्हापासून ती पाण्याच्या पिंपाजवळ जमिनीवर बसू लागली. पाणी प्यायला येणारे तिच्या पायावर थेंब सांडून जात. दुपारी पत्रे तापले की तिचे गुडघे धरत आणि उठताना भिंतीला हात लावावा लागे. शिपाई म्हणायचा, "आजी, घरी काय काम नाय का?" ती म्हणायची, "ह्येच काम हाय."

तिसऱ्या दिवशी सत्यशीलाबाईंनाच तिचं तसं बसणं बघवेना. त्यांनी शिपायाला गोदामात पाठवलं, पोतं सोडायला लावलं, आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतः पानं उलटली. धुळीनं त्यांना सात-आठ शिंका आल्या. वाळवीनं खाल्लेली दोन पुस्तकं बाजूला गेली. तिसऱ्यात मिळालं.

"ही घ्या तुमची नोंद. जिंकलात." त्यांनी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. "सहा ऑगस्ट एकोणीसशे अडुसष्ट. मुलगा. जिवंत. मुलाचं नाव, कोरं. बापाचं नाव भैरू तात्याबा खांदवे. आईचं नाव मैना."

तुळजाबाई हसत होती. वाचून झालं तरी ती थोडा वेळ हसतच होती.

"मैना कोण?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"जाऊ."

"आणि तुम्ही?"

"म्या आई."

"इथं तसं नाहीये."

गावात आजही लोक म्हणतात की म्हातारी वेडी होती, स्वतःच्या हातानं स्वतःचं वाटोळं केलं, एवढं साधं तिच्या लक्षात कसं आलं नाही. असं म्हणणाऱ्यांनी अडतीस वर्षं कुणाचं मूल वाढवलेलं नाही. पोर मैनेनं जन्माला घातलं हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि तुळजाबाईलाही ठाऊक होतं. तिची कूस उजवत नव्हती. मैनेला लागोपाठ दुसरा मुलगा झाला. सासू म्हणाली, घरातलं मूल घरातच राहील, आणि बाराव्या दिवशी बारशाला बायकांच्या देखत ते तुळजाबाईच्या ओटीत घातलं. कोर्ट नाही, कागद नाही. तसं कितीतरी घरांत व्हायचं. पण सासऱ्यानं नोंद केली ती तिसऱ्या दिवशी, आणि पोर दिलं ते बाराव्या दिवशी. या दोन दिवसांच्या मधे नऊ दिवस होते, आणि ते तुळजाबाई साफ विसरली होती. नोंद म्हणजे साईनाथची नोंद, आणि साईनाथ म्हणजे आपला, इतकं सरळ तिच्या डोक्यात होतं.

"बाई," ती खाली आवाजात म्हणाली, "परवा देत व्हता त्यो कागूद द्या. आढळत न्हाई म्हनून."

सत्यशीलाबाईंनी चष्मा काढून पुसला. "आता आढळली ना आजी. आढळल्यावर आढळली नाही असं मला लिहिता येत नाही. तुम्हीच शोधायला लावलीत."

घरी आली तेव्हा मैना गोठ्यामागं गोवऱ्या थापत होती. मच्छिंद्रची सुट्टी होती, तो विळतीवर कडबा तोडत होता. तुळजाबाईनं पिशवी खुंटीला लावली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.

मैनेचे शेणाचे हात थांबले. "माजं नाव हाय?"

"हाय."

"कसं लिवलंय?"

"लिवलंय तुजं नाव, आनकी कसं लिवनार?"

मैनेनं पुन्हा शेणाचा गोळा उचलला, पण थापला नाही. तुळजाबाई म्हणाली, "येक करता यील. तू लिवून द्यायचं, त्यो तुजा न्हाई म्हनून. चावडीवाल्यानं चुकून तुजं नाव घातलं आसं."

"थोरले आई, ते खोटं होईल," मच्छिंद्र म्हणाला. "सरकारी नोंद हाय. उद्या पकडलं तर माझ्या आईला आत टाकतील."

"तू गप," मैना म्हणाली. मग ती तुळजाबाईकडं वळली. "आक्का, मी तसं लिवून देनार न्हाई."

"का?"

"मला त्या टायमाला कुनी इचारलं व्हतं का?"

हे वाक्य अडतीस वर्षांत त्या अंगणात पहिल्यांदा बोललं गेलं. मैना ओरडली नाही. गोळा पाटीत टाकून ती सांगू लागली. बाराव्या दिवशी सासूनं तिच्या छातीला ओलं फडकं घट्ट बांधलं होतं, दूध आटावं म्हणून. ताप भरला होता. भिंतीपलीकडं पोर रडायचं आणि फडकं भिजायचं. म्हशीचं दूध पाणी घालून त्याला बोंडल्यानं पाजताना तुळजाबाईच्या बांगड्या वाजायच्या, त्या तिला ऐकू यायच्या.

"म्या कदी त्याला उचलला का? सांगा. तुमी बगाल म्हनून म्या त्याला येक लाडू दिला न्हाई हातानं. काकी म्हनायचा, म्या 'ओ' द्यायचे. आता कुठं तरी येका कागदावर माजं नाव हाय, त्ये बी मीच खोडू?"

पोर दहा वर्षांचं असताना शाळेत कुणीतरी त्याला सांगितलं होतं, तेव्हा तुळजाबाईला लगेच उत्तर सुचलं होतं. तो घरी येऊन म्हणाला होता, मी काकीचा आहे का? ती धार काढत होती. ती म्हणाली होती, "मंग जेवायला कुनाकडं जानार हायस?" त्यानं तिच्याकडंच जेवून घेतलं आणि परत विचारलं नाही. मैनेला मात्र जेवायला वाढून गप्प करता येणार नव्हतं.

रविवारी फोन आला. तेजसनं साईनाथला आधीच सगळं कळवलं होतं.

"आई, मी लॉयरशी बोललो. ॲडॉप्शनचे कोर्टाचे पेपर असते तर तुझं झालं असतं. ते पण मी सोळाचा व्हायच्या आतले."

"बारशाला अख्खं गाव व्हतं रं."

"गाव चालत नाही आई."

तुळजाबाई फोन दुसऱ्या कानाला लावून थांबली. साईनाथ एका दमात बोलला. "लॉयर म्हणतो बायोलॉजिकल मदर असेल तर केस क्लिअर आहे. म्हणजे काकी. अपेक्षाची आई येईल, पण ती व्हिजिटरवर, सहा महिन्यांनी जाणार. मग आम्ही दोघं कामावर, बाळ कुणाकडे? परकं माणूस घरात ठेवायला अपेक्षा तयार नाही. काकी घरातलीच आहे."

"आन् म्या?"

"तू माझी आईच आहेस ना. हे फक्त पेपरवर." त्याचा आवाज ओला झाला. "तू नको म्हणालीस तर नाही करत, आई. तू सांग."

असं म्हणणं त्याला सोपं होतं. तुळजाबाईला त्याचा मनापासून राग आला, आणि त्या रागाचं काय करायचं हे तिला कळलं नाही, कारण त्याच्यावर रागवायची तिला सवयच नव्हती. नको म्हटलं तर एक अजून न जन्मलेलं लेकरू परक्या बाईच्या हातात जाणार होतं.

"कर," ती म्हणाली. "काकीला मी सांगते."

मैनेला सांगायची फारशी गरज पडली नाही. विमानाची भीती वाटते, थंडी सोसायची नाही, असं ती एकदा-दोनदा म्हणाली. मग सरळ म्हणाली, "मला जायचंय आक्का. खोटं कशाला बोलू? त्याच्या दारात येकदा त्याची आई म्हनून हुबी ऱ्हानार हाय."

मैनेच्या स्वतःच्या जन्माची नोंद तिच्या माहेरी खरोखरच कुठं नव्हती. तिला 'नोंद आढळत नाही' हा दाखला दोन दिवसांत मिळाला.

साईनाथच्या नोंदीत मात्र मुलाच्या नावाचा रकाना कोरा होता. तिथं साईनाथ लिहायचं, तर शाळेत बाप जयसिंग आणि इथं भैरू, हे कसं, ते कुणीतरी शपथेवर सांगायला हवं होतं. सांगणारी एकच होती. वैशाखातल्या एका दुपारी तेजस तुळजाबाईला कोर्टासमोर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या नोटरीकडं घेऊन गेला. मैना बरोबर होती. तिनं नवं पातळ नेसलं होतं. रस्त्याचं डांबर पायाला चिकटत होतं.

नोटरीनं स्टॅम्पपेपरवर टाइप केलेलं भराभर वाचलं. "मी, तुळजाबाई जयसिंग खांदवे, वय पासष्ट, धंदा दुग्धव्यवसाय, प्रतिज्ञेवर सत्य कथन करते की, मला स्वतःचे कोणतेही अपत्य झालेले नाही. साईनाथ हा माझे दीर कैलासवासी भैरू व त्यांची पत्नी मैना यांचा मुलगा असून, शाळेत त्याच्या नावापुढे माझ्या पतीचे नाव अनवधानाने लागलेले आहे."

"अनवधानानं म्हंजी?" तुळजाबाईनं विचारलं.

"चुकून, आजी."

"चुकून न्हाई लागलं. मालकांनी सोताच्या हातानी लावलं. पयलीत घालताना पोराला खांद्यावर घिऊन गेलं व्हतं."

नोटरीनं तेजसकडं पाहिलं. तेजस म्हणाला, "आजी, फॉर्मॅट आहे तो. मुद्दाम लावलं म्हटलं तर फ्रॉड दिसतो. साईनाथ सरांनाच प्रॉब्लेम."

साईनाथला त्रास, हे ऐकल्यावर तिनं पुढं विचारलं नाही. नोटरीनं शाईचा पॅड पुढं सरकवला.

"मला सही येती," तुळजाबाई म्हणाली.

ती सही तिला साईनाथनं शिकवली होती. पहिलीत असताना पाटीवर गिरवून घ्यायचा, चुकली की हातावर पट्टी मारायचा. पाच अक्षरं काढायला तिला नोटरीच्या दोन गिऱ्हाइकांइतका वेळ लागला. 'ळ' काढताना घाम कागदावर पडला आणि नोटरी म्हणाला, "सांभाळून, आजी, स्टॅम्पपेपर आहे." मैना झाडाला टेकून दुसरीकडं बघत होती. परत येताना दोघी बसमध्ये शेजारी बसल्या.

कागद अमेरिकेला गेले. पाऊस झाला, विहिरीला थोडं पाणी आलं. एक म्हैस आटली, ती विकली. सप्टेंबरमध्ये साईनाथला मुलगी झाली, राजनंदिनी नाव ठेवलं. डिंकाचे लाडू अपेक्षाच्या आईच्या बॅगेतून गेले. दिवाळी झाली, संक्रांत झाली, आणि माघात मैनेच्या मुंबईतल्या मुलाखतीची तारीख आली. तेजस स्वतः गावात आला.

"काकींना प्रिपेअर करा," तो म्हणाला. "बापाचं नाव दोन ठिकाणी दोन आहे, त्यामुळे ऑफिसरला डाउट येऊ शकतो. काहीही विचारतील. लहानपणी काय आजार झाला, अंगावर खूण कुठं, पहिला शब्द काय. आईला माहीत असतंच ते. अडखळल्या तर केस गेली, आणि सरांची पण चौकशी."

आईला माहीत असतं ते सगळं तुळजाबाईला माहीत होतं.

चार दुपारी लागल्या. कडबा तोडायला तुळजाबाई बसायची, मैना समोर पेंढ्या सोडायची. मान खाली घालून, हात चालू ठेवून तुळजाबाई सांगायची. अडीच वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही. मुका निघाला म्हणून लोकांनी ठरवलं होतं. मग एके दिवशी रेडकाकडं बोट करून 'ये' म्हणाला. तिसऱ्या वर्षी गोवर आला, सात दिवस डोळे चिकटलेले, दुधाच्या बोळ्यानं सोडवावे लागायचे. डाव्या नडगीवर डाग आहे, विळतीवर पडला होता. गुळाचा खडा तोंडात धरल्याशिवाय झोपायचा नाही, त्यानं पुढचे दात किडले. चौथीत शाळेतून पळून आला आणि गव्हाणीत लपला, संध्याकाळपर्यंत सापडला नाही. अंधाराला भ्यायचा नाही, वावटळीला भ्यायचा.

"परत म्हन," ती म्हणायची. मैना परत म्हणायची. चुकलं की तुळजाबाई दुरुस्त करायची.

"जलमाची येळ इचारली तर?" एकदा तुळजाबाईनंच विचारलं, आणि तिला एकदम कळलं की हे आपल्यालाच माहीत नाही.

"त्ये मला ठाव हाय," मैना म्हणाली. "दिस मावळताना. पायाळू व्हता. रडला न्हाई लवकर. सुईनीनं पाठीत दोन चापट्या दिल्या." मग ती पेंढी सोडत राहिली. तुळजाबाईनं अडतीस वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं.

शेवटच्या दुपारी सांगायचं फारसं उरलं नाही. एक गोष्ट तुळजाबाईनं स्वतःजवळ ठेवायची ठरवली होती. बारावीला नापास व्हायच्या भीतीनं तो परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता आणि कुणाला सांगू नको म्हणाला होता. तिनं जयसिंगलाही सांगितलं नव्हतं. पण काचेपलीकडचा माणूस नेमकं तेच विचारील आणि मैना अडखळेल, अशी तिला धास्ती वाटली. तिनं तेही सांगून टाकलं. मैनेनं ते परत म्हणून दाखवलं, मांडीसकट.

मुंबईला मच्छिंद्र मैनेला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सोसायटीवाले संध्याकाळच्या दुधाला यायच्या आधी दोघं परत आले. तुळजाबाई म्हशीखाली बसली होती. मच्छिंद्र अंगणातून ओरडला, "झालं, थोरले आई. व्हिसा दिला." आणि फोन करायला आत गेला. मैना तशीच गोठ्यात आली, प्रवासाचं पातळ चुरगाळलेलं, पायांना सूज.

"काय इचारलं?" तुळजाबाईनं विचारलं.

"पोरगा काय करतो म्हनला. काम्पुटरात हाय म्हनलं. नातीचं नाव काय. सांगितलं."

"आन्?"

"आन् काय न्हाई. कागूद उलटापालटा केला, माज्या तोंडाकडं बगितलं, म्हनला जा."

"गोवराचं न्हाई इचारलं?"

"न्हाई."

"नडगीवरचा डाग?"

"न्हाई आक्का. पाच मिन्टं बी लागली न्हाईत. मराठी बोलनारी येक पोरगी व्हती शेजारी, तिला तर कायच काम पडलं न्हाई."

धार थांबली होती. तुळजाबाईचे हात कासेवर होते, पण पिळत नव्हते. "मंग म्या येवढं सांगितलं, त्ये वायाच गेलं म्हन."

मैना चाऱ्याच्या पेंढीवर टेकली. तिनं पदरानं तोंड पुसलं. "वाया कशानं? अडतीस वर्सं माज्यापाशी त्याचं कायबी नव्हतं. कुनी इचारलं आसतं तर काय सांगितलं आसतं म्या? आता हाय. त्ये ऱ्हाऊ दे माज्यापाशी."

तुळजाबाईला म्हणायचं होतं, तेवढं तरी परत दे. गोवर दे, गुळाचा खडा दे, मांडी तरी दे. पण सांगितलेलं परत कसं मागतात हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मैनेनं काही हिसकावून घेतलेलंही नव्हतं. सगळं तिनंच, पुन्हापुन्हा घोकून घेऊन, चुका दुरुस्त करून दिलं होतं. तिनं म्हशीच्या अंगाला कपाळ टेकलं. म्हशीनं शेपूट मारलं. दारात किटलीचा आवाज झाला, कुणीतरी विचारलं, "आजी, झालं का दूध?"

मैना उठली. तिनं तुळजाबाईच्या गुडघ्यांतली चरवी काढून घेतली.

"सरका आक्का," ती म्हणाली. "मी काढते."

तुळजाबाई सरकली.